सोसायटीचा डेटाबेस: उभारणीच्या नोंदी, जुलै २०२४

८ जुलै, सोमवार

जुना कॉम्प्युटर मे महिन्यातच बसला होता. उघडला तेव्हा कनेक्टरच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या, हार्ड डिस्क फिरतही नव्हती. हर्णै बंदराच्या इतक्या जवळ ऑफिस म्हटल्यावर नवल नाही. मच्छीमार सोसायटीने आता दुसरा घेतलाय, वापरलेला पण धड. त्यावर डेबियन १२ (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि त्याच्यासोबत येणारं पोस्टग्रेस १५ (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवूनच मिळालं. जुन्यावर डेबियन १० आणि पोस्टग्रेस ११ होतं.

हातात आहे ते एवढंच: एक पेन ड्राइव्ह, त्यात आधीच्या मुलाने लिहिलेली उभारणीची स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल) आणि २०२१-२२ च्या हंगामापासूनच्या लिलावाच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली, रोजची एक. जुनी रजिस्टरं ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले तेव्हा भिजली. डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण प्रत, कुठेच नाही. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टपासून पावत्या फाडायच्या, त्याआधी हे उभं राहायला हवं.

स्क्रिप्ट चालवली. भराभर ओळी गेल्या आणि शेवटी आलं: "डेटाबेस तयार आहे, धन्यवाद!" आत जाऊन बघतो तर टेबलं सोडाच, डेटाबेसच नाही.

मग स्क्रिप्ट वाचायला घेतली. तिचं सगळं बोलणं पाइपमधून (एका कमांडचं बोलणं दुसरीकडे नेणारी जोडणी) टी कमांडकडे, म्हणजे आलेलं पडद्यावर आणि फाइलीत लिहिणारीकडे, आणि तिथून लॉग फाइलीत जातं. पाइपलाइनचा निकाल म्हणून शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) शेवटच्या कमांडचा निकाल दिसतो, म्हणजे टीचा, आणि टी बिचारी लिहायचं काम नेहमीच नीट करते. त्यात पीएसक्यूएलची (पोस्टग्रेसला हुकूम पोचवणाऱ्या कमांडची) रीत अशी की एसक्यूएल फाइलीत एक ओळ चुकली तर कुरकुर करून पुढच्या ओळीला लागायचं आणि शेवटी शून्य, म्हणजे सगळं ठीक, परत द्यायचा. धन्यवादाची ओळ तर नुसता इको, म्हणजे मजकूर छापायचा हुकूम, आहे. मधे काहीही झालं तरी ती छापली जाणारच.

म्हणून दुरुस्तीच्या आधी स्क्रिप्टला खरं बोलायला लावलं. वर सेट -ई आणि पाइपफेल, प्रत्येक पीएसक्यूएलला ऑन-एरर-स्टॉप. आता एसक्यूएल चुकलं तर ३ परत येतो, जोडणी तुटली तर २, आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. "धन्यवाद" राहू दिला. सेक्रेटरी तात्यांना तो आवडतो.

९ जुलै, मंगळवार

खरं बोलायला लागल्यावर पहिली तक्रार ही: नवं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८, साचा असलेल्या डेटाबेसचं एसक्यूएल-आस्की, दोन्ही जुळत नाहीत. खाली सूचना, टेम्प्लेट-झिरो (पोस्टग्रेससोबत येणारा कोरा साचा) वापरा.

कारण सरळ आहे. पोस्टग्रेस बसवताना पहिला क्लस्टर (सगळे डेटाबेस जिथे राहतात ती जागा) आपोआप तयार होतो आणि त्या क्षणी मशीनचं लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) जे असेल ते घेतो. या मशीनवर तेव्हा लोकेल नुसतं "सी" होतं. सी लोकेलमध्ये पोस्टग्रेस एसक्यूएल-आस्की धरतं. त्याचा अर्थ आस्कीपुरतंच असा नाही. येतील ते बाइट तपासणी न करता ठेवायचे असा आहे. मराठी नावं त्यात जातीलसुद्धा, पण अक्षरांची लांबी, क्रम, तपासणी, कशाचाच भरवसा नाही. दोन वाटा होत्या: रिकामा क्लस्टर मोडून नव्याने करणं, किंवा स्क्रिप्टमध्येच टेम्प्लेट-झिरो आणि मराठी लोकेल स्पष्ट लिहिणं. दुसरी घेतली, कारण हाही कॉम्प्युटर कधीतरी हिरवा पडणार आणि तेव्हा स्क्रिप्टने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं.

लगेच पुढचा अडथळा: मराठी-भारत लोकेलचं नाव अवैध. पोस्टग्रेस ही लोकेलं ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतं आणि सिस्टिमवर ते तयारच केलेलं नव्हतं. लोकेल्सचं पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून मराठी आणि भारतीय इंग्रजी दोन्ही तयार केली, पोस्टग्रेस रीस्टार्ट केलं. डेटाबेस झाला.

मग "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड". स्क्रिप्ट डेटाबेसमधल्या "सोसायटी" या युजरच्या नावाने आत जाऊ बघते, पण चालवणारा लिनक्सचा युजर वेगळा आहे. पीअर पद्धतीत सॉकेटवरून (त्याच मशीनमधल्या जोडणीने) येणाऱ्याचं लिनक्समधलं नाव आणि मागितलेलं नाव एकच लागतं. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, पीजी-एचबीए फाइलीत (कुणाला कसं आत घ्यायचं ते जिथे लिहितात) "ट्रस्ट", म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, लिहून मोकळे व्हा. ज्या टेबलावर हा कॉम्प्युटर आहे त्याच टेबलावर दुपारी लोक चहाचे कप ठेवून गप्पा मारतात, आणि आत सभासदांच्या येण्या-देण्याचे हिशेब असणार. ट्रस्ट नाही. या एका डेटाबेससाठी, या एका युजरसाठी स्क्रॅम पद्धतीच्या पासवर्डची ओळ घातली आणि ती सर्वसाधारण पीअरच्या ओळीच्या वर. ही फाइल वरून खाली वाचली जाते, जुळणारी पहिली ओळ लागू होते. ती फसली तर पुढची बघितली जात नाही. पासवर्ड पीजीपास फाइलीत. तिची परवानगी ६०० (फक्त मालकाने वाचायची-लिहायची) हवी, नाहीतर ती सरळ दुर्लक्षिली जाते.

१२ जुलै, शुक्रवार

दोन दिवस वीज येऊन-जाऊन होती, आज टिकली.

"परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक." पहिल्याच टेबलाला. स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा. हा मात्र आवृत्तीचा फरक आहे. पोस्टग्रेस १४ पर्यंत पब्लिक स्कीमात कुणीही युजर टेबल करू शकत होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५ पासून ती मोकळीक काढून घेतली. स्क्रिप्टमध्ये "ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस" आहे आणि वाचताना वाटतं की आता काय राहिलं. पण डेटाबेसवरचे सगळे हक्क म्हणजे जोडणी करणं, त्यात नवी स्कीमा करणं, तात्पुरती टेबलं करणं. आधीपासून असलेल्या पब्लिक स्कीमात टेबल करण्याचा हक्क त्यात येत नाही. जुन्या मशीनवर ही ओळ असून नसून सारखीच होती, म्हणून कुणाला कळलं नाही.

ग्रँटची ओळ काढली आणि डेटाबेस करतानाच मालक म्हणून "सोसायटी" युजर लिहिला. १५ मध्ये पब्लिक स्कीमा डेटाबेसच्या मालकाकडे असते, त्यामुळे वेगळा हक्क द्यावा लागत नाही. सगळी टेबलं झाली: सभासद, बोटी, मासळीचे प्रकार, उतरलेला माल, लिलाव, डिझेल.

१५ जुलै, सोमवार

स्क्रिप्ट लिहिणारा मुलगा आज मुंबईहून येणार होता. काल संध्याकाळी दिवाणखवटीला बोगद्यापाशी दरड आली, कोकण रेल्वे बंद, आणि आम्हाला उतरायचं स्टेशन म्हणजे खेड. तो निघालाच नाही. फोनवर बोललो.

विचारायचं होतं ते हे: आयातीच्या भागात प्रत्येक फाइल वेगळ्या व्यवहारात (ट्रान्झॅक्शन, पूर्ण झालं तरच पक्कं होणारं काम) का घातली आहे, सगळ्या मिळून एकच का नाही? म्हणाला, जुना यूपीएस पाच मिनिटंही टिकायचा नाही. शेकडो फाइली एका दमात घालताना लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकेक फाइल पक्की होत गेली तर झालेलं वाया जात नाही. पटण्यासारखं आहे. लॉगमध्ये "सिस्टिम नीट बंद झाली नव्हती, आपोआप पूर्ववत करत आहे" ही ओळ मीच आठवड्यात कितीदा वाचली. पोस्टग्रेस दर वेळी डब्ल्यूएएल (बदलांची आधीच लिहून ठेवलेली वही) वाचून सुखरूप उठलं आहे, पण अर्ध्यावरचा व्यवहार जातो तो जातोच.

तारखांबद्दल काही अडचण यायची का, असंही सहज विचारलं. नाही म्हणाला. तिथे कधीच आली नव्हती.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. ऑफिस बंद.

१९ जुलै, शुक्रवार

आयात. स्क्रिप्टमध्ये फाइल टेबलात भरायला नुसता कॉपी होता; तो फाइल सर्व्हरच्या बाजूने उघडतो, म्हणजे पोस्टग्रेस या लिनक्स युजरच्या नजरेतून, आणि त्याला माझ्या होम फोल्डरमध्ये डोकावता येत नाही. उलट्या तिरक्या रेघेचा कॉपी केला. तो पीएसक्यूएलकडून फाइल वाचतो. झालं.

पुढे अवैध बाइट, हेक्स ९६. पहिल्या हंगामाच्या फाइली एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत काढल्यात, विंडोज-१२५२ या जुन्या एन्कोडिंगमध्ये. रिकाम्या रकान्यात कुणीतरी लांब आडवी रेघ टाकायची सवय ठेवली होती आणि त्या कोडपेजमध्ये ती रेघ म्हणजे ९६. यूटीएफ-८ मध्ये या बाइटने अक्षर सुरूच होऊ शकत नाही. त्या हंगामाच्या फाइली आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या कमांडमधून काढल्या. त्यांत बोटींची नावं इंग्रजी अक्षरांत आहेत म्हणून हे जमतं. मराठी मजकूर असा काढला असता तर एक्सेलने त्याची आधीच प्रश्नचिन्हं करून ठेवली असती.

आयात पुन्हा सुरू केली. १ ऑगस्ट २०२१ ची फाइल गेली, २ ची, ३ ची, अशा १२ पर्यंत गेल्या. १३ ऑगस्टला थांबली: तारीख मर्यादेबाहेर, "१३/०८/२०२१", कदाचित वेगळी डेटस्टाइल हवी असेल.

शो डेटस्टाइल: आयएसओ, एमडीवाय. आधी महिना, मग दिवस. म्हणजे तेराव्या महिन्यावर अडला. आणि आधीच्या बारा फाइलींवर अडला नाही, ही खरी बातमी. एक ओळ बदलून १३ पासून पुढे चालवणं दोन मिनिटांचं काम होतं, पण आत काय जाऊन बसलंय ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. आत गेलेल्या नोंदींची यादी छापून तात्यांच्या टेबलावर ठेवली.

२० जुलै, शनिवार

तात्यांनी चष्मा वर करून यादी वाचली. "आठ जूनला पापलेट? बंदीत कोण गेलेला रे मरायला?" मग खालची ओळ. "आणि आठ जुलैला? या पावसात? अरे, हा कागद खात्याच्या माणसाला दिसला तर सोसायटीला दंड लावशील तू."

बाराही फाइली अशाच. १ ऑगस्ट म्हणून ८ जानेवारी, २ ऑगस्ट म्हणून ८ फेब्रुवारी, आणि तसंच १२ ऑगस्टचा ८ डिसेंबर. फक्त ८ ऑगस्टची फाइल बरोबर, कारण तिथे दिवस आणि महिना एकच. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च कुणाच्या नजरेत भरले नसते. त्या महिन्यांत मासळी येतेच. ६ आणि ७ ऑगस्टच्या दोन फाइली जून-जुलैत पडल्या, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात हे इथे पोरासोराला माहीत आहे, म्हणून सापडलं.

मूळ पुन्हा तिथेच. क्लस्टर तयार होताना लोकेलवरून एन्कोडिंग ठरतं तशी डेटस्टाइलही ठरते आणि कॉन्फिगरेशनच्या फाइलीत लिहिली जाते. भारतीय इंग्रजी लोकेल असतं तर दिवस आधी आला असता. जुन्या मशीनवर तसंच होतं, म्हणून तिथे "कधीच आली नव्हती". सी लोकेलमुळे अमेरिकन क्रम आला. टेम्प्लेट-झिरोने नव्या डेटाबेसचं एन्कोडिंग बदलतं, ही सेटिंग नाही.

उतरलेल्या मालाचं टेबल रिकामं केलं.

२३ जुलै, मंगळवार

डेटाबेसला डेटस्टाइल दिवस-महिना-वर्ष अशी लावून दिली, पण आयात तिच्यावर सोडायची नाही. उद्या कुणी दुसऱ्या मशीनवरून, दुसऱ्या सेटिंगने चालवेल. म्हणून एक कच्चं टेबल केलं, त्यातले सगळे रकाने नुसता मजकूर. फाइल आधी तिथे जाते, अक्षराला अक्षर. मग टू-डेटने, दिवस-महिना-वर्ष असा साचा स्पष्ट सांगून, तारीख बनवायची. पोस्टग्रेस १० पासून टू-डेट ३१ फेब्रुवारीसारखी तारीख निमूट पुढे ढकलत नाही, चूक दाखवतं.

आणि फाइलींच्या नावात वर्ष-महिना-दिवस अशी तारीख आहेच. ती आतल्या तारखेशी ताडून बघायची, जुळली नाही तर फाइल बाजूला. या तपासणीने एक वेगळंच बाहेर काढलं: काही दिवशी या फाइली भरणाऱ्या वहिनींनी कालची फाइल कॉपी करून आजचे आकडे भरले आणि आतली तारीख बदलायची राहून गेली. म्हणजे कालच्या खात्यावर दोन दिवसांचा माल आणि आज बोटी गेल्याच नाहीत. वहिनी म्हणाल्या, संध्याकाळचा लिलाव सुरू झाला की श्वास घ्यायला वेळ नसतो, तारीख कोण बघतंय. खरं आहे. हर्णैचा लिलाव ज्याने किनाऱ्यावर उभं राहून पाहिलाय तो त्यांना दोष देणार नाही. त्या फाइली त्यांनीच पावतीबुकांवरून एकेक करून लावून दिल्या.

वजनाच्या रकान्यात आणखी एक: "४५" हा आकडा नाही, असं पोस्टग्रेसचं म्हणणं. गेल्या हंगामापासून वहिनी मराठी कीबोर्डवर आल्या आणि आकडेही मराठीत टाइप व्हायला लागले. पोस्टग्रेसला आकडा म्हणून फक्त इंग्रजी अंक चालतात. कच्च्या टेबलातून पुढे नेताना ट्रान्सलेट लावून दहाही अंक बदलून घेतले. वहिनींना सवय बदलायला सांगितलं नाही. त्यांनी मराठीत लिहावं, मशीनने वाचावं.

काही ओळींत वजनाच्या जागी "३ टब", "२ टोपल्या". टबाचे किलो किती धरायचे यावर ऑफिसात तासभर चर्चा झाली. बांगड्याचा टब आणि म्हाकुलाचा टब यांना एकच माप लावणं तात्यांना मान्य नाही. वेगळा "माप" रकाना केला, रूपांतर नाही.

२५ जुलै, गुरुवार

फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलात असलेलंच नाव इथे चालेल ही अट. एका बोटीच्या सगळ्या ओळी परत येतात: हे नाव बोटींच्या टेबलात नाही. पडद्यावर दोन्ही नावं शेजारी ठेवली, काना-मात्रेचाही फरक नाही.

बाइट काढून पाहिले. नावात "वाऱ्याची" आहे. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्याच्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर लावून. कुठला कीबोर्ड यातलं काय पाठवेल सांगता येत नाही. बोटींची यादी मोबाइलवर टाइप झाली होती, लिलावाच्या फाइली कॉम्प्युटरवर. पोस्टग्रेस साध्या तुलनेत बाइट बघतं, त्याच्या दृष्टीने या दोन बोटी. युनिकोड नॉर्मलायझेशन करूनही भागत नाही, कारण युनिकोड या दोन रूपांना समतुल्य मानत नाही. आत येतानाच दुसऱ्या रूपाचं पहिल्यात रूपांतर करणारं एक छोटं फंक्शन लिहिलं, नावाच्या मागचे-पुढचे स्पेसही त्यातच काढले. हर्णै आणि हर्णे हा प्रश्न मात्र असा फंक्शनने सुटणारा नाही, तिथे गावांची यादी देऊन निवडायलाच लावलं.

मुळात बोट नावाने ओळखायची हेच बरोबर नाही. एका नावाच्या दोन बोटी बंदरात असू शकतात. नोंदणी क्रमांक प्रत्येकीच्या अंगावर रंगवलेला असतो. मुख्य की (प्रत्येक ओळ ओळखायची खूण) आता तो क्रमांक. नाव-क्रमांकाची जोडयादी वहिनींकडे होतीच, डिझेल परताव्याच्या कामासाठी केलेली.

२७ जुलै, शनिवार

जून-जुलैत माल दिसला तर डेटाबेसनेच अडवावं, असं मला वाटत होतं. तात्यांनी नाही म्हटलं. बंदी यांत्रिक आणि इंजिनाच्या बोटींना आहे. वल्ह्या-शिडाच्या होडीने खाडीत जाणाऱ्याला नाही, आणि असे सभासद सोसायटीत आहेत. "अडवू नको, दाखव." तांत्रिक बाजूनेही तेच सोयीचं: साध्या चेक कन्स्ट्रेंटला (ओळ आत घेताना तपासायच्या अटीला) दुसऱ्या टेबलात डोकावून बोटीचा प्रकार बघता येत नाही, ट्रिगर (नोंद होताना आपोआप चालणारा कोड) लिहावा लागला असता. त्याऐवजी आयात संपली की एक अहवाल छापला जातो: बंदीच्या काळातल्या नोंदी बोटीच्या प्रकारासह, नाव-तारीख न जुळलेल्या फाइली, आणि प्रत्येक हंगामात महिन्यावार किती ओळी. शेवटचा तक्ता माझ्यासाठी आहे. दिवस-महिना पुन्हा कधी उलटले तर मालाचा डोंगर भलत्या महिन्यात दिसेल.

३० जुलै, मंगळवार

क्लस्टर पूर्ण मोडला, नवा केला, तोही मुद्दाम सी लोकेलमध्ये, आणि स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवली. मधे एकदा मीच मेन स्विच बंद केला. पुन्हा चालवल्यावर झालेल्या फाइली वगळून पुढे गेली. कुठली फाइल आत गेली याची नोंद आता त्याच व्यवहारात होते. अहवालात जून-जुलैच्या ज्या ओळी आल्या त्या सगळ्या होड्यांच्या. तात्यांनी एकेका नावावर बोट ठेवून होय म्हटलं.

पीजी-डम्प (डम्प काढणारी कमांड) रोज रात्री क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) लावला. लाइट नसेल तर राहील, म्हणून सकाळी मशीन सुरू झाल्यावरही एकदा. दर शनिवारी तो डम्प वेगळ्या डेटाबेसात उतरवून ओळी मोजायच्या. एक पेन ड्राइव्ह तात्यांच्या घरी, वरच्या आळीत. दोन्ही प्रती बंदरावरच ठेवायला मी तयार नाही.

३१ जुलै, बुधवार

उद्यापासूनच्या पावत्यांचा फॉर्म वहिनींनी तपासला. तारीख आता टाइप करायची नाही, आजची आपोआप येते. बदलायची तर कारण लिहावं लागतं. त्यांना कारणाचा रकाना छोटा वाटला, मोठा केला. सुधारलेली स्क्रिप्ट मुंबईच्या मुलालाही पाठवली, त्याने धन्यवादाची ओळ टिकली का तेवढंच विचारलं.

डिझेल परताव्याचं टेबल अजून रिकामं. मागची पावतीबुकं कपाटातून काढून ठेवली आहेत. त्यांत महिने अक्षरांत लिहिलेत, त्यामुळे दिवस-महिना उलटायची भीती नाही. लिटर मात्र कुठे अपूर्णांकात आहेत, कुठे "दीड बॅरल". ते पुढच्या आठवड्यात घेतो.